समुद्र निर्दोष

एनस्खेडे
नेदरलँड्स, ९ जानेवारी २०२१

अभिराम,

वर 'प्रिय' नाही. ते राहून गेलेलं नाही. फोन, मेल, सगळीकडे तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून कागद. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल करता आली असती, पण मजकूर वाचल्यावर तूच म्हणशील, बरं झालं केली नाहीस.

ओसिपोव्हकाच्या आपल्या अहवालात चूक आहे. लहान नाही. निष्कर्षच उलटा आहे.

तुझ्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही, म्हणून उजळणी करून देते. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एकशे चाळीस माणसांचं मासेमारीचं गाव. मातीच्या उंच कड्यावर लाकडी चर्च, त्यावर कांद्यासारखा घुमट, आणि चर्चच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, कबरस्तान. कडा ढासळतो आहे. गावाने आपल्याला दोनच प्रश्न विचारले होते: कशामुळे ढासळतो, आणि कबरी हलवायच्या का. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपण तिथे जाणार होतो. करोना आला आणि गावाने विमानाची धावपट्टीच बंद केली. १९१८च्या तापाने त्यांची तिसरा हिस्सा माणसं नेली होती; त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग चर्चचं बघणाऱ्या अन्फिसाबाईंनी चर्चच्या वहीचे तीनशे बारा फोटो काढून पाठवले. नव्वद वर्षं त्या वहीत नोंदी होत आल्या आहेत: कोणत्या दिवशी कडा किती पडला, आणि वर्षातून एकदा, गाठी मारलेल्या दोरीने मोजलेलं अंतर, चर्चच्या भिंतीपासून कड्याच्या टोकापर्यंत. १९३१मध्ये शहाण्णव मीटर. आता एकतीस.

आपण पडझडीच्या सत्तेचाळीस नोंदी घेतल्या आणि त्या त्या दिवशीचा वारा आणि लाटा हवामानाच्या जुन्या तक्त्यांतून काढल्या. एक्केचाळीस दिवशी समुद्र शांत होता. म्हणून आपण लिहिलं की कडा समुद्र तोडत नाही, जमिनीत मुरलेल्या पाण्याने माती आतून सुटते. गावाच्या बाजूने चर खणा. कबरी हलवायची पंधरा वर्षं तरी गरज नाही. अहवालाला 'समुद्र निर्दोष' हे शीर्षक तू दिलंस. तुला शीर्षकं छान सुचतात.

परवा, सात तारखेला, मी चराची चौकशी करायला अन्फिसाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज काम नाही. आज नाताळ."

मी म्हटलं, "आज सात जानेवारी आहे."

"तुमच्याकडे असेल. चर्चमध्ये आज पंचवीस डिसेंबर."

मी वहीचे फोटो उघडले. मग विचारलं, वहीतल्या तारखा कोणत्या?

"चर्चची वही आहे, मुली. चर्चच्याच तारखा असणार."

तेरा दिवस. मी सगळ्या नोंदी तेरा दिवस पुढे सरकवल्या. चार मिनिटांचं काम. सत्तेचाळीसपैकी त्रेचाळीस दिवशी वादळ होतं.

तुझी आई माझा वाढदिवस तिथीने करते. कधी नऊ दिवस आधी फोन, कधी अकरा दिवस नंतर. एकाच चौकोनात दोन हिशेबांचे दिवस छापलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात बघत आपण वाढलो. आणि दुसऱ्या कोणाच्या घरातही असं काही असू शकेल, हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. माहितीची तपासणी अहवालाच्या दुसऱ्या पानावर तुझ्या नावापुढे लिहिलेली आहे. मी फक्त आठवण देते.

सोबत दुरुस्तीपत्र आहे. दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात. उत्तराच्या पाकिटावर तिकीट लावलं आहे, तेवढीही तसदी नको.

अपूर्वा


एनस्खेडे
२६ जानेवारी २०२१

अभिराम,

सही आली नाही. निरोप आला, तोही दोघांचीही मैत्रीण उरलेल्या सुचेतामार्फत. तिने झूटरमेरहून फोन करून तुझा मेसेज वाचून दाखवला. मागून तिचा मुलगा डचमध्ये ओरडत होता आणि ती मराठीत त्याला गप्प करत होती.

"हे बघ, मी वाचते तसं ऐक," ती म्हणाली. "'तिला विचार, तारखांचं तिने बाईंना विचारलं होतं का. हो की नाही.' झालं. आणि आता मला तुमच्यातली पोस्टमन करू नका गं. इथे शाळा माझ्या डायनिंग टेबलावर भरते. नवरा बेडरूममध्ये मीटिंग करतो. मी बाथरूममध्ये बसून तुमचं भांडण वाचते आहे."

मी म्हटलं, भांडण नाही, काम आहे.

"तुमचं भांडणच होतं कधी? असतं ते कामच."

तुझा प्रश्न मुद्द्याचा नाही. चूक कशी झाली हा इतिहास झाला. चूक आहे, आणि त्यावर तुझं नाव आहे. तू सही का करत नाहीस हे मला माहीत आहे. त्या अहवालाच्या जोरावर तुला अ‍ॅमस्टेलव्हीनची नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीवर तुझं इथे राहायचं परमिट उभं आहे. हे सरळ लिहिलं असतंस तर मी तुला भित्रा म्हटलं असतं, पण खोटा म्हटलं नसतं.

संक्रांतीचं तुझं ऑनलाइन भाषण बघितलं. मराठी मंडळाने लिंक सगळ्यांना पाठवली होती, मलाही. कोणाचा तरी माइक चालू राहिला होता आणि अर्धा वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. भाषणातला तेवढाच भाग अचूक होता. दुरुस्तीपत्र मिळून तीन दिवस झाले होते आणि तू पडद्यावर 'समुद्र निर्दोष' दाखवत होतास. मीनलकाकूंनी विचारलं, "पण तिकडे पापलेट मिळतं का हो?" आणि तू हसून म्हणालास, "काकू, रशियन कोळी सॅमन खातात."

ते रशियन नाहीत. अन्फिसाबाईंना मी पहिल्याच फोनवर हीच घोडचूक करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही सुग्पियाक, मूळचे इथलेच. रशियन आले, आमच्या मुलींशी लग्नं केली, आडनावं देऊन बसले. अलास्का अमेरिकेला विकल्यावर माझ्या रशियन पणजोबाला परत चला म्हणाले, तेव्हा तो मासे खारवत होता. म्हणाला, एवढी पिंपं भरून झाली की बघू. जायचे ते झेंडा गुंडाळून गेले." चर्च रशियन, प्रार्थना अर्धी त्यांच्या भाषेत, ताटातला मासा आणि समुद्र त्यांचे स्वतःचे. हे सगळं तुला मी सांगितलेलं होतं. तू ते ऐकलंस, मान हलवलीस, आणि पडद्यावर घुमटाचा फोटो टाकलास.

तेवीस तारखेपासून रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी आहे. मला फरक पडत नाही. तुला पडत असेल. तुला माणसं लागतात, ऐकायला.

दुरुस्तीपत्राची दुसरी प्रत जोडते.

अपूर्वा


एनस्खेडे
१० फेब्रुवारी २०२१

अभिराम,

बर्फामुळे तीन दिवस गाड्या बंद होत्या, टपालही. आज कालवा गोठला म्हणून अख्खं शहर पायांना स्केट्स बांधून खूश आहे. दीड मीटरचं अंतर बर्फावर कोणी पाळत नाही.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहिली असती तर तू म्हणाला असतास, भावनेला हात घालते. म्हणून फक्त आकडे लिहिले. आकड्यांनी तुला काही होत नाही असं दिसतं, तर घे.

गेल्या उन्हाळ्यात गावाने आपलं ऐकलं. सॅमनच्या ऐन हंगामात निम्म्या लोकांनी जाळी बांधून ठेवली आणि सहा आठवडे चर खणला. नव्वद मीटर, आपल्या नकाशाप्रमाणे, हाताने आणि एका जुन्या यंत्राने. कबरींना हात लावला नाही, कारण आपण लिहिलं होतं की लावू नका. नोव्हेंबरात वादळ आलं. चर कोरडा राहिला. समुद्राकडच्या पहिल्या रांगेतल्या दोन कबरी कड्यासकट खाली गेल्या. एक येफीम नावाच्या नाखव्याची, तापात गेलेल्या. दुसरी इरिनाची, वय सहा. ती अन्फिसाबाईंची धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळं गाव दोन तास किनारा चाललं. एक लाकडी क्रॉस मिळाला. तो येफीमचा होता.

हे मला सात जानेवारीच्या त्याच फोनवर कळलं. नाताळ आहे म्हटल्यावर मी शुभेच्छा दिल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं. तुझ्यामाझ्यावर चिडून नाही. हवामान सांगावं तसं.

पहिल्या रांगेत अजून अकरा कबरी आहेत.

अपूर्वा


एनस्खेडे
२१ मार्च २०२१

अभिराम,

आता तारीख ठरली आहे. गावाची परिषद बावीस एप्रिलला बसेल आणि या उन्हाळ्यात काय करायचं ते ठरवेल. तिथे जमीन जूनमध्ये सैल होते आणि सप्टेंबरात पुन्हा घट्ट होते. माणसं थोडी आहेत, एका उन्हाळ्यात एकच काम होतं. एक तर दुसरा चर, जो आपल्या अहवालात आहे, नाही तर कबरी. वीस तारखेच्या आत त्यांच्या हातात अधिकृत दुरुस्ती पडली नाही, तर दुसरा चर खणला जाईल आणि पहिली रांग पुढच्या हिवाळ्यात जाईल.

वीस एप्रिल कोणत्या कॅलेंडरची, हे मी विचारलं. अन्फिसाबाई पहिल्यांदा हसल्या. "सरकारी," म्हणाल्या. "परिषद सरकारी. देव आणि समुद्र जुन्या कॅलेंडरचे."

मी आता त्यांना दर रविवारी फोन करते. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. कामाचं दहा मिनिटांत संपतं. मग त्या मला प्रश्न विचारतात.

"तुझ्या गावाला समुद्र कुठे आहे?"

"गाडीने दोन तास."

"मग तुला कसं कळतं?"

"मोजमापं येतात. उपग्रहाचे फोटो येतात."

"हं."

या वर्षी त्यांच्याकडे नाताळात तारा घरोघर नेला नाही. एरवी लाकडी तारा सजवून गात गात प्रत्येक घरात जातात. या वेळी खिडकीबाहेर उभे राहिले आणि आतल्यांनी काचेमागून गायलं. त्यांच्या नवऱ्याला ऐकू येत नाही, त्याने नुसते ओठ हलवले. हे सांगून त्या म्हणाल्या, "तोही बरोबरच होता. चुकला असता तर कोणाला कळलं असतं?"

गेल्या रविवारी मी एक प्रश्न विचारला. म्हटलं, तुम्ही त्या कड्यावर चौऱ्याहत्तर वर्षं राहता. लाटा कडा खाताना तुम्ही डोळ्यांनी बघितल्या असतील. मग आम्ही लिहिलं की समुद्र काही करत नाही, तेव्हा तुम्ही 'खोटं आहे' असं का म्हणाला नाहीत?

त्या म्हणाल्या, "परिषदेत तरुण पोरं म्हणालीच. मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, बाई शिकलेली आहे. तीनशे फोटो वाचलेत तिने. आपण रोज बघतो म्हणून आपल्याला वाटतं."

हे तुझ्या पुढच्या भाषणात घाल. टाळ्या पडतील.

तुला चिडवायला लिहिलं नाही. लिहिलं. पण सही कर.

अपूर्वा


एनस्खेडे
१७ एप्रिल २०२१

अभिराम,

तू सही करणार नाहीस हे मी आता धरून चालते. आज शनिवार आहे. परिषदेला मंगळवारपर्यंत हवं आहे. म्हणून हे पत्र सहीसाठी नाही.

तुझा प्रश्न होता: हो की नाही.

नाही.

जुनी फाइल काल उघडली. खरं तर जानेवारीतच उघडली होती. १९ मे २०२०, तारखांच्या स्तंभावर तुझी टीप आहे: 'या कोणत्या कॅलेंडरच्या? ऑर्थोडॉक्स चर्च आहे. बाईंना विचार.' खाली माझं उत्तर: 'विचारलं. आपल्याच.' दुपारी एक वाजून एकतीस मिनिटं. ओसिपोव्हकात तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी कोणालाही फोन केला नव्हता. उत्तर लिहून टीप बंद केली आणि भात लावायला उठले. तू त्याच खोलीत होतास, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कानात हेडफोन घालून.

म्हणजे पहिल्या पत्रात 'दोघांपैकी एकालाही सुचलं नाही' असं जे लिहिलं, ते खोटं होतं. तुला सुचलं होतं.

का, हे मी बरेच दिवस स्वतःला नीट सांगितलं नाही. सोयीचं उत्तर असं की बाईंना आधीच नऊ प्रश्न विचारून झाले होते आणि दहावा विचारायची लाज वाटली. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं: तुझा प्रश्न चांगला होता. तो मला सुचायला हवा होता. तो तुला सुचला, म्हणून मी तो अकरा मिनिटांत मिटवून टाकला. त्या महिन्यात अठ्ठेचाळीस चौरस मीटरच्या घरात आपण दोघं चोवीस तास होतो, आणि तू बरोबर असणं मला सहन होत नव्हतं.

जूनमध्ये घर सोडून जाताना तू दारात म्हणाला होतास, "तुला नेहमी खात्री असते, अपूर्वा. तुझ्याबरोबर राहून मला कशाचीच खात्री उरली नाही." मी सुचेताला हे वाक्य नाटकातलं म्हणून हसून सांगितलं होतं. ती हसली नाही, हे आता आठवतं.

आणखी एक. दोन्ही सह्या लागतात हे संस्थेच्या नियमात आहे. पण चूक पूर्णपणे एकाच लेखकाची असेल आणि त्याने तसं लिहून दिलं, तर त्याची एकट्याची सही पुरते. हेही त्याच पानावर आहे, पुढच्या ओळीत. मला जानेवारीपासून माहीत होतं. तू भित्रा आहेस असं मी तुला तीन महिने लिहीत होते, तेव्हा ती ओळ माझ्यासमोर उघडी होती.

तुझा मी जो तिरस्कार केला त्यातला काही तू कमावलेला आहेस. ते भाषण तुझंच होतं. आणि माझं 'विचारलं' तू जसंच्या तसं मान्य केलंस, पुरावा मागितला नाहीस. तपासणारा असं करत नाही. पण नवरा करतो, हेही मला कळतं.

दुरुस्ती आज सकाळी पाठवली. संस्थेला, परिषदेला, आणि अन्फिसाबाईंना वेगळी. त्यात एक वाक्य आहे: 'सहलेखकाने दिनदर्शिकेचा प्रश्न वेळेत विचारला होता, मी गावाकडे चौकशी न करता ती केल्याचं लिहिलं.' खाली माझी सही. तुझ्या कंपनीला दाखवायला एक प्रत तुझ्यासाठी जोडते आहे. परमिटला धक्का लागू नये.

अपूर्वा


एनस्खेडे
३ मे २०२१

अभिराम,

परिषदेने ठरवलं. दुसरा चर नाही. जूनपासून पहिली रांग हलवायची, अकराही कबरी, चर्चच्या मागे, जंगलाच्या कडेला. पाद्री विमानाने येतील, धावपट्टी त्यांच्यापुरती उघडतील.

दुरुस्ती पोचल्यावरच्या रविवारी मी नेहमीच्या वेळी फोन केला. अन्फिसाबाईंनी उचलला. त्यांनी पत्र वाचलं होतं, दोनदा, एकदा स्वतः आणि एकदा पुतणीकडून मोठ्याने. मी माफी मागायला सुरुवात केली. मी ती लिहून काढली होती.

त्यांनी थांबवलं. "गेल्या वर्षी मे महिन्यात मी घरीच होते," त्या म्हणाल्या. "सगळे घरीच होते. फोन माझ्या टेबलावर होता."

मी हो म्हटलं.

"नाताळपासून आज सोळावा रविवार. दर वेळी तुला हे माहीत होतं."

"हो."

"बहिणीचा फोटो नाही माझ्याकडे. तेवढी एक जागा होती." मागे कोणीतरी भांडी लावत होतं. "काम नीट करून दे. फोन आता करू नको. काही लागलं तर पुतणी लिहील."

फोन त्यांनी ठेवला. काल त्यांचं ईस्टर होतं, काल रविवारही होता. मी फोन केला नाही.

पुतणीने आठवड्यात एकच मेल केली आहे. त्यांना क्रम हवा आहे: अकरांपैकी कोणती कबर आधी, कोणती शेवटी, कारण एका उन्हाळ्यात सगळ्या होतीलच असं नाही, आणि उरतील त्या पुढच्या वादळापर्यंत टिकल्या पाहिजेत. मी तो काढला आहे. कड्याचं टोक एप्रिलच्या फोटोवरून, वादळाच्या दिशा सुधारलेल्या तारखांवरून. तिसरी आणि चौथी यांच्यात फरक फक्त चाळीस सेंटिमीटरचा आहे, आणि चौथीत तापात गेलेली आई आणि तान्हं मूल एकत्र आहेत. मी चौथी आधी ठेवली आहे. ते आकड्यांवरून ठेवलं की त्यांच्यामुळे, हे मला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

तक्ता सोबत आहे, चार पानं. शुक्रवारी पाठवायचा आहे. इथे तो तपासू शकतील अशी माणसं आहेत, पण ती माझं म्हणणं न तपासताच मानतात.

तू तपास. बाईंना विचारायचं असेल ते पुतणीमार्फत विचार. पत्ता पहिल्या पानावर आहे. कुठे मी 'विचारलं' असं लिहिलेलं दिसलं, तर कोणाला, कधी, ते माझ्याकडून मागून घे.

अपूर्वा